मागचा कॅलिपर, हँडब्रेक आणि तुमचे प्रश्न

मागच्या चाकांच्या डिस्क ब्रेकबद्दल बरेच प्रश्न साठले होते म्हणून यावेळी सगळे एकत्रच घेतोय. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पुढचे पॅड घरी बदललेत, हात बसलाय, आणि मागचं कामही तसंच असेल असं धरून सुरुवात केली आणि मध्येच अडकलेत. मागच्या कॅलिपरला (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बहुतेक गाड्यांत हँडब्रेक जोडलेला असतो आणि त्याच्यामुळे आतली रचना, काढायचा क्रम, पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) आत घालायची पद्धत सगळंच बदलतं, त्यात गाडी जुनी असेल तर गंज आहेच. काम घरी होण्यासारखं आहे, पण घाई आणि जोर या दोन गोष्टी इथे चालत नाहीत.

प्रश्न: लांबून गाडी चालवून आलं की मागचं डावं चाक हात लावता येणार नाही इतकं तापलेलं असतं, बाकीची तीन ठीक असतात. सगळे म्हणतात कॅलिपर जाम झालाय. सरळ नवीन आणून बसवू का?

थांबा, आधी दोष कुठे आहे ते शोधा. चाक तापणं म्हणजे ब्रेक सुटत नाहीये एवढंच कळतं, का सुटत नाहीये ते कळत नाही, आणि कॅलिपर बदलून सुद्धा चाक तसंच तापतंय असं बऱ्याच जणांचं होतं कारण दोष केबलमध्ये किंवा होजमध्ये (ब्रेक ऑइलची रबरी नळी) असतो.

गाडी नीट घोडीवर, म्हणजे ॲक्सल स्टँडवर घ्या (ते कसं ते पुढच्या प्रश्नात सांगतो), हँडब्रेक पूर्ण सोडा, मागचं चाक चालवणारी गाडी असेल तर न्यूट्रलला टाका आणि चाक हाताने फिरवून बघा. पॅड डिस्कला थोडे घासल्याचा आवाज येतो तो नॉर्मल आहे, पण हाताने फिरतच नसेल किंवा दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल तर पुढे जा.

पहिली चाचणी केबलची. कॅलिपरच्या मागे एक लीव्हर असतो ज्याला हँडब्रेकची केबल अडकवलेली असते. हँडब्रेक सोडल्यावर हा लीव्हर पूर्ण मागे येऊन स्टॉपरला टेकला पाहिजे. टेकत नसेल तर केबल लीव्हरमधून काढा. केबल काढल्याबरोबर लीव्हर मागे गेला आणि चाक मोकळं झालं तर कॅलिपर चांगला आहे, केबल आत गंजून अडकलीय. केबल काढूनही लीव्हर स्वतःहून मागे जात नसेल तर लीव्हरचा शाफ्ट कॅलिपरमध्ये जाम झालाय, हा जुन्या गाडीतला अगदी नेहमीचा आजार, विशेषतः ज्या गाडीचा हँडब्रेक महिनोन् महिने कोणी ओढलेला नसतो.

दुसरी चाचणी ऑइलच्या दाबाची. कोणाला तरी ब्रेक पेडल दोन-चार वेळा दाबून सोडायला सांगा. चाक जाम राहिलं तर निपलला (कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निपल अर्धा फेरा उघडा. ऑइल जोरात बाहेर आलं आणि चाक लगेच सुटलं तर दाब आत अडकून राहतोय. एकाच चाकाला असं होत असेल तर बहुतेक वेळा त्या चाकाची रबरी होज आतून फुगलेली असते, बाहेरून अगदी चांगली दिसते पण पेडलच्या जोराने ऑइल जातं आणि परत यायला वाट मिळत नाही. दोन्ही चाकांना होत असेल तर अजून वर, म्हणजे मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप) आणि पेडलच्या फ्री प्लेकडे (दाब सुरू होण्याआधीची मोकळी चाल) बघा.

दोन्ही चाचण्यांनी चाक सुटलं नाही, तर मग कॅलिपर. त्यातही आधी गाइड पिना बघा, त्याच पिनांवर कॅलिपर मागेपुढे सरकतो. आतल्या बाजूचा पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजलेला असेल तर पिना अडकल्यात असं समजायला हरकत नाही, आणि पिना साफ करून नवीन ग्रीस लावलं की काम झालं, कॅलिपर बदलायची गरज नाही. पिना मोकळ्या असून पिस्टन मागे येत नसेल तर मात्र कॅलिपर उघडावा किंवा बदलावा लागेल.

प्रश्न: मागचं काम करताना हँडब्रेक सोडलेला लागतो. मग गाडी घरंगळू नये म्हणून नक्की काय करायचं? मी फक्त गिअरमध्ये ठेवतो.

चांगलं झालं विचारलंत, कारण हा या पूर्ण पानातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. पुढची चाकं चालवणारी गाडी असेल तर गिअरमध्ये टाकल्यावर जमिनीवर असलेली पुढची चाकं धरलेली राहतात, ठीक. पण मागची चाकं चालवणारी गाडी असेल आणि तुम्ही मागचं एक चाक उचललंत तर गिअर काहीही धरत नाही, कारण डिफरन्शिअलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाक त्याच्या उलट फिरू शकतं. म्हणजे तुम्ही पहिला गिअर टाकून निर्धास्त खाली वाकलात आणि गाडी प्रत्यक्षात कशानेच धरलेली नाही. ऑटोमॅटिकमध्ये पी ला टाकलं तरी तेच.

म्हणून गाडी कुठलीही असो, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचर लावायची, चारही बाजूंनी. जमीन सपाट आणि कडक पाहिजे. चाकाचे नट गाडी खाली असतानाच थोडे ढिले करून घ्या. मग जॅकने उचला, कंपनीने दिलेल्या जागीच घोडी लावा, गाडीचं वजन घोडीवर येऊ द्या, आणि बॉडीला दोन्ही हातांनी हलवून बघा. हलली तर परत लावा. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली हातसुद्धा घालायचा नाही, विटा किंवा ब्लॉकवर तर अजिबातच ठेवायची नाही, वीट न सांगता फुटते. काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवा, घोडी सटकलीच तर मध्ये काहीतरी असतं.

एक जादा गोष्ट, सगळ्याच जुन्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना नसतो. १९८७ पर्यंतची साब ९०० किंवा जुन्या सिट्रोएन जीएस, बीएक्स यांचा हँडब्रेक पुढच्या चाकांवर आहे, त्यामुळे तिथे मागचा कॅलिपर साधा असतो आणि मागचं काम करताना हँडब्रेक ओढून ठेवता येतो. पाचर तरीही लावाच.

प्रश्न: काढायचा क्रम काय? प्रत्येक जण वेगळं सांगतो. आधी होज सोडायची की आधी कॅलिपर?

होज सगळ्यात शेवटी. पण होजचा बोल्ट ढिला सगळ्यात आधी करायचा, यात गडबड होते म्हणून सविस्तर लिहितो.

कॅलिपर जागेवर घट्ट बसलेला असताना तुम्हाला जोर लावायला मजबूत आधार मिळतो, तो एकदा सुटून हातात लोंबकळायला लागला की घट्ट बोल्ट सुटत नाही आणि होज पिळली जाते. म्हणून आधी निपल किंचित उघडून परत बंद करा (तो उघडत नसेल तर हे आत्ताच कळलेलं बरं), मग, कॅलिपर बदलायचा असेल तरच, होजचा बँजो बोल्ट (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) अगदी थोडा हलवून परत हाताने टेकवा, मग पिनांचे बोल्ट हलवून ठेवा. सगळं हललं म्हणजे पुढचं काम होणार याची खात्री झाली. काहीच हलत नसेल तर पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेवा, गाडी अजून चालण्याच्या स्थितीत आहे, काही बिघडलेलं नाही.

यानंतर हँडब्रेकची केबल ढिली करून लीव्हरमधून काढा. मग पिनांचे दोन बोल्ट काढून कॅलिपर वर उचला. पॅड निघत नसतील तर जुन्या डिस्कच्या कडेला गंजाची कड तयार झालेली असते, पॅड तिच्यात अडकतात, अशावेळी कॅलिपर ओढू नका, पिस्टन थोडा मागे घ्या आणि मग काढा. सुटलेला कॅलिपर होजवर लटकवायचा नाही, तारेने स्प्रिंगला किंवा वरच्या एखाद्या ब्रॅकेटला बांधा. होज आतून फाटते, बाहेरून दिसत नाही, आणि मग वर लिहिलेला दाब अडकण्याचा दोष सुरू होतो.

फक्त पॅड, पिना किंवा डिस्कचं काम असेल तर इथेच थांबा, होज उघडायची गरजच नाही, हवा काढायचं सगळं काम वाचतं. कॅलिपर बदलायचाच असेल तरच बँजो बोल्ट पूर्ण काढा.

काही गाड्यांत बँजो बोल्ट नसतो, होजचं टोकच आटे असलेलं असतं आणि ते सरळ कॅलिपरमध्ये पिळलेलं असतं. तिथे होज पाव फेरा ढिली करून ठेवा, बाकी सगळं सोडवा, आणि मग होज स्थिर धरून पूर्ण कॅलिपर फिरवून होजवरून काढा. होज फिरवत बसलात तर तिला पीळ बसतो.

बँजो बोल्टला दोन तांब्याचे वॉशर असतात, होजच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. परत बसवताना दोन्ही नवीन टाका. आणि जुना वॉशर कॅलिपरच्या तोंडाला चिकटून राहिलेला असतो, गंजाच्या रंगात दिसत नाही, त्याच्यावर तुम्ही नवीन टाकला की तीन होतात आणि ऑइल गळतं. जुना कॅलिपरच परत लावत असाल तर नखाने खरवडून बघा.

प्रश्न: ब्रॅकेटचा (कॅलिपर धरणारी चौकट) बोल्ट जागचा हलत नाहीये. लांब पाईप लावून जोर दिला तर डोकं गोल व्हायला लागलं.

पहिलं, दिशा तपासा. ब्रॅकेटचे बोल्ट आतल्या बाजूने असतात आणि तुम्ही बाहेर बसून हात मागे घालून फिरवता, तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, आणि बरेच जण सोडवतोय असं समजून आवळतात. मान आत घालून बोल्टच्या डोक्याकडे सरळ बघा आणि तिकडून घड्याळाच्या उलट फिरवा.

दुसरं, बारा कोनांची गोटी (सॉकेट) वापरू नका, सहा कोनांचीच घ्या. बारा कोनी फक्त कोपरे धरते, सहा कोनी बाजू धरते. डोकं गोल व्हायला लागलंय तर तारेच्या ब्रशने गंज काढा, गोटी हातोडीने ठोकून घट्ट बसवा, तरी फिरत असेल तर एक माप लहान गोटी ठोकून बसवा किंवा उलट्या दातांची एक्स्ट्रॅक्टर गोटी वापरा. पेनिट्रेटिंग ऑइल मारल्यावर बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे सरळ चार-पाच ठोके द्या, आट्यांमधला गंज फुटतो आणि ऑइल आत जायला जागा होते, नुसतं ऑइल ओतून तेवढं होत नाही. मग सोडवताना आधी किंचित आवळा, मग सोडवा, परत आवळा, परत सोडवा. बोल्ट किंचित हलला की निम्मं काम झालं.

पाईप लावायचा तर लावा पण जोर आडवा द्या, खालीवर नाही, बोल्ट अचानक सुटला की गाडीला धक्का बसतो आणि ती घोडीवर आहे हे लक्षात ठेवा.

आग वापरण्याबद्दल विचारणारे पण बरेच आहेत. ब्रेक ऑइल पेटतं, रबरी बूट जळतात, म्हणून कॅलिपर जागेवर असताना आग नको. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाजवळ तर ज्योत नेऊच नका, काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन असलेलं सॉल्व्हंट असतं, ते तापलं की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो, थोडासा पण फुप्फुसाला घातक आहे. इथवर वेळ आली तर ते काम मेकॅनिककडे द्या, त्यात काही कमीपणा नाही.

पिनांच्या बोल्टबाबत अजून एक. बोल्ट फिरवताना आतली पिनच फिरत असेल तर पिनच्या मानेवर सपाट बाजू असतात, तिथे पातळ फिक्स पाना लावून पिन धरा आणि मग बोल्ट सोडवा. न धरता फिरवलं तर रबरी बूट पीळ पडून फाटतो, आणि फाटलेल्या बुटातून पाणी जाऊन पिन काही दिवसांत परत जाम.

प्रश्न: पॅड नवीन आणले, पण पिस्टन आत जातच नाही. सी-क्लॅम्प लावून खूप आवळलं, क्लॅम्प वाकायला लागला. पुढचा तर सहज गेला होता.

क्लॅम्प लगेच काढा. मागच्या पिस्टनच्या तोंडावर खाचा आहेत का बघा, दोन किंवा चार. असतील तर तो दाबून जाणारा पिस्टन नाही, फिरवून जाणारा आहे.

आत काय असतं सांगतो. हँडब्रेकचा लीव्हर फिरला की आतला आटे असलेला दांडा पुढे ढकलला जातो आणि तो पिस्टनला ढकलतो. पॅड झिजत गेले की पिस्टन बाहेर येत जातो आणि त्याच्या आतला नट त्या आट्यांवर आपोआप पुढे सरकतो, म्हणून हँडब्रेक कायम सारख्याच उंचीला लागतो. हा नट परत मागे फक्त फिरवूनच जातो. नुसतं दाबलं तर तुम्ही आट्यांवर जोर देताय, पिस्टन तर जात नाहीच, आतला ॲडजस्टर (हाच नट आणि आटे) तुटला की पूर्ण कॅलिपर गेला.

यासाठी विंड-बॅक टूल मिळतं, खाचांमध्ये बसणाऱ्या पिना आणि मागून दाब देणारा स्क्रू असलेलं. हलका दाब देत फिरवायचं. बहुतेक कॅलिपरमध्ये घड्याळाच्या दिशेने आत जातो, पण काही गाड्यांत एका बाजूचा उलटा असतो, म्हणून एक फेरा फिरवा आणि पिस्टन खरंच आत सरकतोय का ते डोळ्याने बघा. बाहेर येत असेल तर दिशा बदला. काही गाड्यांत पद्धतच वेगळी, पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये कॅलिपरच्या मागे एक प्लग बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिमीची एलन की घालून पिस्टन मागे घ्यायचा असतो. म्हणून गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल बघून मगच हात घाला.

फिरवायच्या आधी केबल सुटलेली आणि लीव्हर स्टॉपरला टेकलेला पाहिजे. आणि पिस्टनभोवतीच्या बुटावर लक्ष ठेवा, जुना बूट पिस्टनला चिकटलेला असतो, पिस्टन फिरला की तोही कपडे पिळल्यासारखा पिळतो. बोथट प्लॅस्टिकच्या पट्टीने बुटाची कड सोडवा, थोडं सिलिकॉन ग्रीस लावा आणि मग फिरवा, मध्येमध्ये थांबून बूट सरळ करा.

पिस्टन पूर्ण आत गेल्यावर खाचा कुठे थांबतात हे महत्त्वाचं आहे. आतल्या पॅडच्या पाठीवर एक छोटं बोंड असतं, ते खाचेत बसलं पाहिजे, तेव्हाच ब्रेक लावताना पिस्टन गोल फिरत नाही आणि ॲडजस्टर चालतो. बोंड खाचेत न बसता पिस्टनच्या कडेवर चढलं तर पॅड तिरका बसतो, तिरकाच झिजतो आणि पेडल मऊ लागतं, मग लोक महिनाभर हवा काढत बसतात. दोन वेळा बघा.

तुमच्या गाडीत पिस्टनवर खाचा नसतील आणि डिस्कचा मधला भाग खोल टोपीसारखा असेल, तर हँडब्रेक त्या टोपीच्या आत छोट्या शूवर (ड्रम ब्रेकसारख्या वाकड्या पट्ट्या) आहे. तिथे पिस्टन साधा दाबून जातो, फक्त डिस्क काढताना आतले शू ॲडजस्टरने मागे घ्यावे लागतात. आणि जुन्या गाडीत पॅड आणि शूमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं, ती धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

प्रश्न: केबल लीव्हरमधून निघाली पण तिचं बाहेरचं आवरण ब्रॅकेटमध्ये अडकलंय, छोटे छोटे दात आहेत गोल, एक दाबला की दुसरा वर येतो.

१२ मिमीचा रिंग पाना त्या दातांवर सरकवा, सगळे दात एकदम दबतात आणि केबल मागे ओढली की निघते. केबलच्या जाडीप्रमाणे माप थोडं कमीजास्त लागेल. आत गाडीत हँडब्रेकच्या दांड्याखालचा ॲडजस्टर नट आधी पूर्ण ढिला केलात ना? नाही तर केबलला ढील मिळणार नाही.

प्रश्न: होज उघडली की सगळं ऑइल गळून जातं का? आणि परत भरताना कुठलंही चालतं का?

उघडं सोडलं तर ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल हळूहळू गळत राहतं आणि टाकी रिकामी झाली की हवा मास्टर सिलिंडरमध्ये जाते. एबीएस असलेल्या गाडीत ही हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये शिरली तर ती काढायला काही गाड्यांत स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो, म्हणजे घरचं काम घरी राहत नाही. एक सोपा उपाय आहे, होज उघडायच्या आधी ब्रेक पेडल तीन-चार सेंटिमीटर दाबा आणि सीट आणि पेडलमध्ये एक काठी अडकवून तसंच ठेवा. मास्टर सिलिंडरमधलं टाकीकडचं भोक बंद होतं आणि गळणं जवळजवळ थांबतं. ब्रेक लाइट पेटलेले राहतील म्हणून बॅटरीची एक वायर काढून ठेवा. काठी अडकवल्यावर, होज उघडायच्या आधी निपल उघडून दाब सोडा, आणि होज उघडताना खाली भांडं ठेवा. जुन्या होजला पक्कड किंवा क्लॅम्प लावून दाबणं टाळा, आतलं रबर तुटतं.

ऑइल कुठलंही चालत नाही. टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं ते घ्या. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे एकाच ग्लायकोल जातीचे आहेत, डॉट ५ मात्र सिलिकॉनचं आहे, नंबर जवळचा असला तरी ते यांच्यात मिसळायचं नाही. आणि जुन्या हायड्रॉलिक सिट्रोएनमध्ये हिरवं एलएचएम हे खनिज तेल असतं, तिथे डॉटचं ऑइल गेलं तर सगळे सील खराब होतात.

ग्लायकोलचं ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवीन डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं पाहिजे असा नियम आहे, पाणी शोषलेल्याला हाच आकडा १५५ आहे, म्हणून अर्धी राहिलेली जुनी बाटली वापरू नका, सीलबंद घ्या. गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसत बसलात तर रंग निघतो. डोळ्यांना चष्मा आणि हातात ग्लोव्ह्ज हवेतच.

प्रश्न: दोन्ही नवीन कॅलिपर बसवले, कुठे गळती नाही, दोन बाटल्या ऑइल संपलं तरी पेडल स्पंजसारखंच. निपलमधून बुडबुडे पण येत नाहीत आता.

चाकं काढा आणि निपल कुठे आहे ते बघा. निपल कॅलिपरच्या वरच्या बाजूला पाहिजे. खाली असेल तर डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लागलाय. बोल्टची भोकं जुळतात, सगळं नीट बसतं, पण हवा वर जाऊन बसते आणि तुम्ही खालून फक्त ऑइल काढत राहता, म्हणूनच बुडबुडे येत नाहीत. कॅलिपरची बाजू बदला.

निपल वरच असेल तर अजून दोन शक्यता आहेत. एक, वर लिहिलेलं पॅडचं बोंड खाचेत नाहीये. दुसरी, काही जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला वजनाप्रमाणे ब्रेकचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असतो, चाकं हवेत लोंबकळत असली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागे ऑइल कमी सोडतो. ॲक्सलखाली आधार देऊन सस्पेन्शन नेहमीच्या उंचीला आणा आणि मग हवा काढा. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये दिलेला असेल तो पाळा, प्रत्येक गाडीत सारखा नसतो.

आणि जुन्या गाडीचं पेडल हवा काढताना तळाला टेकेपर्यंत दाबायचं नाही, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरचा सील रोज जेवढा सरकतो तेवढा भाग गुळगुळीत असतो, त्याच्या पुढे वर्षानुवर्षांचा मळ आणि गंज असतो, सील तिथे गेला की कापला जातो आणि चांगला मास्टर सिलिंडर गळायला लागतो.

प्रश्न: पिनांना कुठलं ग्रीस लावू? बेअरिंगचं आहे घरी.

ते नको. ब्रेकमधलं रबर खनिज तेलाच्या ग्रीसने फुगतं आणि पिन परत अडकते. ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस घ्या, पातळ थर लावा, भोक भरून टाकू नका. एका पिनला टोकाला रबरी बाही असेल तर ती कुठल्या भोकातली होती ते काढतानाच खूण करून ठेवा. पॅड आणि डिस्कच्या तोंडाला काहीही लागू देऊ नका.

प्रश्न: सगळं झालं, पेडल पण कडक आहे, पण हँडब्रेक आता छतापर्यंत येतो. केबल आवळत गेलो तर चाक घासायला लागलं.

क्रम उलटा झालाय. केबल परत पूर्ण ढिली करा, दोन्ही लीव्हर स्टॉपरला टेकलेले आहेत ना बघा. आता इंजिन चालू करून ब्रेक पेडल नेहमीच्या जोराने दाबा आणि सोडा, असं पंधरा-वीस वेळा. प्रत्येक दाबाला आतला ॲडजस्टर थोडा थोडा पुढे येतो आणि पॅड डिस्कच्या जवळ येतात. काही गाड्यांत हेच काम हँडब्रेक वारंवार ओढल्याने होतं, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. यानंतरच केबल आवळा, फक्त ढील जाईपर्यंत, लीव्हर स्टॉपरवरून उठता कामा नये. केबलने लीव्हर आधीच ओढलेला असेल तर ॲडजस्टर चालत नाही आणि तुम्ही कितीही आवळलंत तरी पॅड झिजले की हँडब्रेक परत वर.

बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा, आकडे मॅन्युअलमधले घ्या, पिनांचे आणि ब्रॅकेटचे खूप वेगळे असतात आणि पिनांचे अंदाजाने आवळले की आटे जातात. काही कंपन्या ब्रॅकेटचे बोल्ट एकदाच वापरायला सांगतात, तसं असेल तर नवीन घ्या.

गाडी खाली घेतल्यावर जागेवरून हलवायच्या आधी पेडल दाबून कडक झालंय का बघा. नवीन पॅड टाकल्यावर पहिले दोन-चार दाब पोकळ जातात, ते रस्त्यावर जायला नकोत. मग मोकळ्या सपाट जागेत चालण्याच्या वेगाने गाडी थांबवून बघा, हँडब्रेक वेगळा तपासा. थोडं फिरून या आणि ब्रेकला हात न लावता मागच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन उष्णता सारखी आहे का ते बघा. बँजो बोल्टभोवती कोरडा कागद फिरवा, दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा फिरवा. ओला झाला तर गाडी काढू नका, वॉशर बदला.